दिवेलागणीला कुठं असशील?

"आई, यंदा दिवाळीला मी सायकलनं कोल्हापूरला जाणार आहे. बरोबर ऑफिसातली मैत्रीण आहे."

रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात असताना लेकीने असे जाहीर केले, की घरात काय होते ते वेगळे सांगायला नको. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवतात. आजी "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावते आणि पहिला प्रश्न विचारते, "आणि खाशील काय वाटेत?" आई मात्र लगेच काही बोलत नाही. पोहे संपल्यावर बशा उचलता उचलता ती विचारते, "रोज दिवेलागणीला कुठं असशील, तेवढं सांग."

बंगळूरच्या सर्जापूर रोडवरचे एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे हे चित्र सहज दिसेल. नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याकडून आलेली माणसे या रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारतींत राहतात. गाव सहाशे-आठशे किलोमीटरवर राहिलेले असते आणि दिवाळीला रातोरात बसने घरी पोचणे हाच शिरस्ता असतो. तेच अंतर आठवडाभरात सायकलने कापावे, असे तरुण मुलामुलींना वाटू लागले, तर त्यात नवल नाही.

आईचा प्रश्न वरकरणी साधा, पण लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाचे सगळे शास्त्र त्यात आले. वाट दाखवणारी साधने असोत की रात्रीच्या मुक्कामाचे सामान, प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावावी: अंधार पडण्यापूर्वी रस्त्यावरून बाजूला होऊन सुखरूप मुक्कामाला लागायला ही वस्तू उपयोगी पडते का? पडत असेल तर घ्यावी, नाहीतर दुकानातच राहू द्यावी.

सूर्य कोणासाठी थांबत नाही

सायकल प्रवासाची बरीचशी पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली गेली. तिथे जून महिन्यात लंडनला सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो आणि त्यानंतरही पाऊण तास चांगले दिसते. आपल्याकडे तसे नाही. नोव्हेंबरच्या मध्यात बंगळूरला सूर्य सहाच्या आतच मावळतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो आणि संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटेच टिकतो. साडेसहाला महामार्गावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि कडेचा खड्डा दिसत नाही. सायकलला मागे तांबडा दिवा आणि अंगावर चमकणारा पट्टा हवाच, पण तो अडचणीच्या वेळेसाठी. दिवे आहेत म्हणून रात्री जाऊ, असा बेत करू नये. थंडीत साडेसहाच्या सुमाराला निघायचे आणि साडेचारला मुक्काम शोधायला लागायचे, हे वेळापत्रक पाळले तर दिवसाला ८० ते १०० किलोमीटर आरामात होतात.

दुकानातला मोह

सर्जापूर रोडला या बाबतीत एक मान आहे. खेळाचे साहित्य विकणाऱ्या 'डेकॅथलॉन' या फ्रेंच कंपनीने भारतातले आपले पहिले दुकान २००९ साली याच रस्त्यावर उघडले. त्यापूर्वी हलका तंबू किंवा झोपण्याची पिशवी हवी असेल, तर गिर्यारोहण संस्थेतल्या ओळखीच्या माणसाकडून उसनी आणावी लागे. आता अशी दुकाने अनेक शहरांत झाली आहेत आणि सगळे एका छपराखाली मिळते. अडचण तिथेच आहे. शेगडी, घडीची खुर्ची, कंदील, तीन तऱ्हेच्या सुऱ्या पाहताना सगळेच गरजेचे वाटू लागते आणि घरी येऊन सायकलवर लादल्यावर सायकल उभी राहत नाही.

मागच्या कॅरियरवर साधारणपणे २५ किलोपर्यंत वजन लादता येते, पण लादता येते म्हणून लादू नये. पाण्यासकट १२ ते १५ किलोंत आठवड्याची सफर नीट होते. जड वस्तू पाठीवरच्या पिशवीत न घेता कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, जमेल तितक्या खाली, सारख्या वजनाने अडकवाव्यात. एक बाजू जड झाली, तर चढावर सायकल त्या बाजूला ओढते आणि दिवसाचे दहा-वीस किलोमीटर त्यातच कमी होतात. मग दिवेलागणीचे गणित चुकते.

वाट कोण दाखवणार?

ज्या शहरात 'इस्रो'चे मुख्यालय आहे, त्या शहरातून निघणाऱ्याला वाट सापडायची चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. उपग्रहांवरून जागा सांगणारी अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. २०१३ ते २०१६ या काळात भारतानेही आपल्या 'नाविक' यंत्रणेचे सात उपग्रह सोडले. हे सगळे आज हातातल्या फोनमध्ये आले आहे. तरीही तीन गोष्टी पुष्कळांना माहीत नसतात.

पहिली गोष्ट: आपण कुठे आहोत, हे कळायला फोनला नेटवर्क लागत नाही. उपग्रहाचा संदेश थेट फोनकडे येतो. नेटवर्क लागते ते नकाशाचे चित्र उतरवून घ्यायला. म्हणून संपूर्ण वाटेचा नकाशा घरी असतानाच फोनमध्ये साठवून ठेवावा. मग हिरियूरच्या माळावर रेंज गेली तरी नकाशा जात नाही.

दुसरी गोष्ट: बॅटरी खातो तो फोनचा पडदा. दिवसभर हँडलवर पडदा उजळलेला ठेवला, तर दुपारपर्यंत फोन मान टाकतो. फोन 'विमान मोड'वर ठेवून फक्त वळणाशी पाहावा. बहुतेक फोनमध्ये या मोडवरही उपग्रहावरून जागा कळते. सोबत पॉवर बँक न्यावी, पण तिचे आकडे पाहून हुरळू नये. दहा हजाराची पॉवर बँक पाच हजाराच्या फोनला दोनदा भरेल, हा हिशेब कागदावरचा. वीज एकातून दुसऱ्यात जाताना बरीच वाया जाते. प्रत्यक्षात फोन एकदा पूर्ण भरतो आणि वर थोडे उरते. पूर्वी टायरला घासून चालणारा डायनामो असे, तो आता पुढच्या चाकाच्या आसातच बसवलेला मिळतो. ६ व्होल्ट, ३ वॅट एवढीच त्याची ताकद. रात्रीचा दिवा त्यावर छान चालतो, फोन मात्र हळूहळू भरतो. आठवड्याच्या सफरीला त्याची गरज नाही, महिनाभराच्या प्रवासाला आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नकाशाचे अ‍ॅप मुळात मोटारवाल्यांच्या सोयीने वाट सुचवते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे. बंगळूर-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवरही १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी आणि सायकली यांना बंदी झाली. फोनच्या भरवशावर तिथपर्यंत जाऊन परत फिरावे लागले, की तास-दीड तास गेलाच. अशा रस्त्यांची चौकशी निघण्यापूर्वी करून ठेवावी.

फोन पडतो, भिजतो, चोरीला जातो. म्हणून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रोजच्या वाटेतली गावे, त्यांमधली अंतरे आणि मुख्य वळणे लिहून ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलवर लावावी. या कागदाला बॅटरी लागत नाही. हवे तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशाही पाहावा. त्यांच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो आणि तळी, टेकड्या, पायवाटा सगळे दिसते. बंगळूरकरांना तर नकाशाचे विशेष अगत्य असायला हवे. १८०० साली विल्यम लँबटन यांनी बंगळूरजवळच जमिनीवर साखळी टाकून सुमारे साडेसात मैलांची रेषा मोजली होती. पुढे दोनच वर्षांनी मद्रासहून देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ झाला.

रस्त्याकडेचे दगडही बोलतात. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता आणि नारिंगी असेल तर खेड्याकडे जाणारा ग्रामीण रस्ता. पिवळा दगड हवा असताना नारिंगी दिसू लागला, की थांबून चूक सुधारावी. कर्नाटकात पुष्कळ दगडांवर आकडे कानडीत असतात. ते दहा आकडे एका संध्याकाळी पाठ होतात. बंगळूर-पुणे रस्त्याचा क्रमांक आता ४८ आहे, पण २०१० च्या फेररचनेपूर्वी तो ४ होता आणि वाटेत कित्येक लोक अजूनही त्याला 'एनएच फोर'च म्हणतात. त्यामुळे गोंधळून जाऊ नये.

आणि शेवटी माणूस आहेच. 'एडगडे' म्हणजे डावीकडे, 'बलगडे' म्हणजे उजवीकडे, 'नेरवागि' म्हणजे सरळ आणि 'एष्टु दूर' म्हणजे किती लांब, एवढे चार शब्द आले तरी पुष्कळ काम होते. मात्र "हा रस्ता हावेरीला जातो ना?" असे विचारू नये. माणूस भिडेखातर "हो" म्हणतो. "हावेरीचा रस्ता कुठला?" असे विचारावे, म्हणजे त्याला हात करून दाखवावाच लागतो.

अंथरूण पाहून

आता मुक्कामाचे सामान. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी अशा गावांत राहण्याची सोय असते. मग तंबू कशाला? कारण एखाद्या दिवशी टायर दोनदा पंक्चर होतो, वारा समोरून येतो आणि साडेचारला पुढचे गाव तीस किलोमीटरवर असते. तंबू बरोबर असला, की "कसेही करून गाठूच" हा हट्ट सुटतो. जिथे आहोत तिथे, चार माणसांच्या आसऱ्याने थांबता येते. तंबूचे खरे काम हेच.

दख्खनच्या पठारावर तंबू बर्फासाठी नको, डासांसाठी आणि पावसासाठी हवा. आत पूर्ण मच्छरदाणी आणि वर वेगळे पावसाचे आवरण असा दुहेरी तंबू घ्यावा. कोरड्या रात्री नुसती मच्छरदाणी पुरते. पावसाचे आवरण मात्र घरी ठेवू नये, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगळूरकडे संध्याकाळी पाऊस येतोच. एकेरी कापडाच्या स्वस्त तंबूत श्वासाची वाफ आतून साचते आणि पाऊस नसतानाही पहाटे अंथरूण ओले होते. खुंट्यांशिवाय स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू बरा. बंगळूरकडच्या कडक मुरमात खुंटी शिरत नाही आणि धारवाडकडच्या काळ्या मातीत पाऊस झाला की टिकत नाही. काठ्यांचा तंबू देवळाच्या फरशीवरही उभा राहतो. दोघींना मिळून अडीच-तीन किलोंचा एकच तंबू पुरतो. तो अर्धा अर्धा वाटून घ्यावा: एकीकडे कापड, दुसरीकडे काठ्या.

अंगाखालची पथारी अंगावरच्या पांघरुणाइतकीच महत्त्वाची. जमीन अंगातली ऊब ओढून घेते आणि अंगाखाली दबलेले जाड पांघरूण ती अडवू शकत नाही. हवा भरायची गादी मऊ असते, पण बाभळीचा एक काटा तिला पुरतो. या मुलखात फोमची साधी गुंडाळपट्टी उत्तम. वजन अर्ध्या किलोच्या आत, आणि काट्याची भीती नाही.

झोपण्याच्या पिशवीवर तापमानाचे दोन आकडे छापलेले असतात. एक 'कंफर्ट', दुसरा 'लिमिट'. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पहिला आकडा सर्वसाधारण स्त्रीला आरामात झोप लागेल ते तापमान सांगतो आणि दुसरा सर्वसाधारण पुरुषाला कशीबशी झोप लागेल ते. लेकीसाठी पिशवी घेताना पहिलाच आकडा वाचावा. या वाटेवर थंडीतल्या रात्री सहसा बारा ते अठरा अंशांच्या आसपास असतात. दहा अंश 'कंफर्ट'ची हलकी पिशवी पुरेशी आहे. हिमालयासाठी बनवलेली जाड पिशवी आणली, तर रात्रभर घाम येईल आणि दिवसभर ओझे होईल.

शेगडी नेऊ नये. आजीच्या प्रश्नाचे उत्तर वाटेतच मिळते. तुमकूरच्या अलीकडे क्यातसंद्र्याला तट्टे इडली, उत्तरेकडे जोंधळ्याची भाकरी आणि एणगाई, बेळगावला कुंदा. एक ठोक नियम मात्र कायम लक्षात ठेवावा: तंबूच्या आत शेगडी, कोळसा, काहीही पेटवू नये. आगीइतकाच त्यातून निघणारा विषारी वायू घातक असतो आणि त्याला वास नसतो.

तंबू कुठे ठोकायचा?

उजेड असताना, विचारून आणि माणसांच्या नजरेच्या टप्प्यात. पेट्रोल पंपाची मागची बाजू, शाळेचे आवार, देऊळ, शेतकऱ्याचे अंगण अशा जागी "एक रात्र थांबू का?" असे विचारले तर सहसा नकार येत नाही. आला तर पुढे जायला अजून उजेड असतो. दोघी मुलींनी तर निर्जन, रम्य जागेचा मोह टाळावा आणि जिथे घरात बायका-मुले आहेत, तिथेच विचारावे.

नारळाच्या झाडाखाली, कोरड्या ओढ्यात आणि तळ्याच्या सुकलेल्या पोटात तंबू लावू नये. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करणे गुन्हा आहे आणि धोकाही. सर्जापूर ज्या आनेकल तालुक्यात येते, त्याच तालुक्याच्या पश्चिमेला बन्नेरघट्ट्याचे जंगल आहे. थंडीत नाचणी पिकते तेव्हा तिथून थळी-होसूरकडे हत्तींचे कळप शेतांत उतरतात. शनिवार-रविवारच्या सरावाला त्या बाजूला जाणाऱ्यांनी दिवसा खुशाल फिरावे, पण रात्री शेताच्या बांधावर झोपू नये.

परदेशातून येणारी भेट

इथे एक सावधगिरीची सूचना. परदेशातला मामा किंवा भाऊ प्रेमाने म्हणतो, "उपग्रहावरून थेट संदेश पाठवणारे यंत्र देतो, म्हणजे काळजी नको." हे यंत्र घेऊ नये. नुसते जीपीएस फक्त संदेश ऐकते, त्याला हरकत नाही. पण उपग्रहाकडे संदेश पाठवणारे फोन आणि यंत्रे दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय बाळगणे भारतात बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशाच यंत्रापायी एका परदेशी पाहुणीला पोलीस कारवाईला तोंड द्यावे लागले. बंगळूर-कोल्हापूर वाटेवर साधा मोबाईल आणि एक ठरलेली वेळ पुरते.

सामान थोडे, तयारी पुष्कळ

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर कापून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. तेव्हा ना उपग्रह होते, ना नायलॉनचे तंबू. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने वयाच्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा जवळ आधुनिक साधने होती. तरीही स्पेनमध्ये लुटारूंशी गाठ पडायची ती पडलीच. साधने वाट सोपी करतात, संकटे पुसून टाकत नाहीत. आपले सामान हाताला पाठ असणे हीच त्यांवरची तयारी.

आणि ती घरच्या गच्चीवर होते. सोसायटीच्या परवानगीने एका रात्री तंबू गच्चीवर न्यावा. पहिल्या वेळी उभारायला अर्धा तास लागतो, काठी उलटी जाते, एक आकडा सापडत नाही. तिसऱ्या वेळी दहा मिनिटांत काम होते. मग आईने टॉर्च बंद करून म्हणावे, "आता अंधारात उभारून दाखव." तेही जमले, की पुढच्या शनिवारी सगळे सामान लादून सर्जापूरपर्यंत जाऊन यावे. सैल स्क्रू, घासणारी पिशवी, जास्तीची वस्तू, सगळे त्या एका फेरीत कळते. परत आल्यावर जे एकदाही वापरले नाही, ते काढून ठेवावे. पंक्चरचे सामान आणि औषधाची पुडी मात्र याला अपवाद.

निघायचे रविवारी पहाटे, म्हणजे बंगळूरची गर्दी जागी होण्यापूर्वी शहर ओलांडता येते. आणि निघण्यापूर्वी लेकीने आईच्या प्रश्नाचे लेखी उत्तर फ्रिजच्या दारावर लावावे:

रविवारी तुमकूर. सोमवारी हिरियूर. मंगळवारी चित्रदुर्गवरून दावणगेरे. बुधवारी हावेरी. गुरुवारी हुबळीवरून धारवाड. शुक्रवारी बेळगाव. शनिवारी निपाणीवरून कोल्हापूर.

शेवटच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटर आहेत, त्या दिवशी अर्धा तास लवकर निघावे. रोज संध्याकाळी पाचला घरी एक फोन करावा. जागा ठरली असेल तर जागेचे नाव सांगावे, ठरली नसेल तर जवळच्या दगडावरचा आकडा. साडेपाचपर्यंत फोन आला नाही, तर आईने करावा. सातपर्यंत लागला नाही, तर कुणाला कळवायचे, तेही त्याच कागदावर खाली लिहिलेले असावे.

एवढे झाले, की बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा उचलायला हरकत नाही.